आडवी रेघ

१

उजाडायच्या आत मी टेकडी चढले होते, कारण त्या दगडावरच्या रेघा उन्हाच्या पहिल्या तासातच नीट दिसतात. ऊन बाजूने घासत यावे लागते. मग एकेक खाच आपल्या सावलीच्या कुशीतून बाहेर येते. पाठीवर कागदाची गुंडाळी, ब्रश, शाईचा बोळा, पाण्याचा डबा आणि परात. माझा धंदा ठसे घेण्याचा. कोरलेल्या दगडावर ओला कागद पसरायचा, ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा आणि तो वाळत आला की वरून शाई टेकवायची. खाचा पांढऱ्या राहतात, उरलेले सारे काळे होते. बोटांची शाई काही केल्या जात नाही, म्हणून पुरातत्त्व कचेरीत मला शाईताई म्हणतात.

दगड दोन पुरुष उंच. लोखंड ज्यांच्या स्वप्नातही नव्हते अशा माणसांनी तीन हजार वर्षांपूर्वी तो उभा केला, आणि का ते कुणाला सांगितले नाही. त्या मौनाला नंतर ज्याने त्याने आपापला अर्थ टेकवला. कुणा सेनापतीने त्याला आपला जयस्तंभ म्हटले. मोजणीवाल्यांनी त्याला हद्दीची खूण केले. खाणीतले मजूर हंगामाच्या सुरुवातीला त्यावर हात ठेवून शब्द देत आणि घेत. त्याच्या दक्षिणेकडच्या अंगावर, छातीच्या उंचीला, वीतभर लांब आणि नखभर खोल अशा अठरा उभ्या रेघा होत्या.

होत्या.

ऊन आले, दगडाच्या कडेवरून सरपटत पुढे गेले, आणि जिथे त्याने अठरा वेळा अडखळायचे तिथे ते एकदाही अडखळले नाही. रेघांच्या जागी ठोकून काढलेला ओरखड्यांचा पट्टा होता, सोललेल्या गुडघ्यासारखा. खाली दगडाचा भुगा पडला होता. त्याच्यावर साय धरल्यासारखी पातळ खपली होती आणि खपलीवर बारीक बारीक खळगे. मी सवयीने परात त्यावर पालथी घातली. रडू आले नाही. राग आला.

आठ वाजता फौजदार आले, नऊला त्यांनी आरोपी पकडलाही. दगडाभोवतीच्या कठड्याच्या उत्तर बाजूला गोणपाटात गुंडाळलेली दगड घडवायची टाकी सापडली होती. ती ज्याची, तो म्हातारा पाथरवट काल दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत कठड्याचे खांब बसवत होता.

"टाकी त्याची, हात त्याचा," फौजदार म्हणाले. "तीन वर्षांची सजा आहे, ताई. चारच्या गाडीने जिल्ह्याला नेतो."

"पण रेघा त्याच्या आधीच गेल्या असतील तर?"

"नाही ना. काल बरोब्बर बाराला सरांनी मोजल्यात. अठराच्या अठरा. लेखी दिलंय त्यांनी."

सर. ज्यांनी मला दगड वाचायला शिकवले, ते माझे सर.

२

संग्रहालयाच्या खोलीत सरांच्या मागे भिंतभर तोच फोटो होता: काळ्या दगडावर अठरा पांढऱ्या रेघा. त्यांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठही तेच. अठरा वर्षांनी ग्रहणे फिरून त्याच क्रमाने येतात, आणि त्या आदिम माणसांनी ते ओळखून दगडावर मोजून ठेवले, हा सरांचा सिद्धान्त. चाळीस वर्षे जगभरची पत्रे या टेबलावर येत होती. फोटोतल्या रेघा पांढऱ्या, कारण त्यांत खडू भरलेला. "खडू भर, मग बघ," हा मला मिळालेला पहिला धडा होता. पाहुणे यायचे असले की सर स्वतः पहाटे जाऊन रेघा खडूने उजळत. खडूने दगड खराब होतो म्हणून पाच वर्षांपूर्वी त्यावर बंदी आली. तेव्हापासून त्यांनी पाहुणे नेणेच सोडले.

"बस, पोरी." त्यांनी डाव्या हाताने किटली उचलली, चहा थोडा बशीत सांडला. उजवा हात शालीच्या घडीत होता. "वाईट झालं. पिढ्यान्‌पिढ्या दगडावर जगणारी माणसं, आणि दगडाचीच कदर नाही."

"तुम्ही काल बाराला कशाला गेला होतात, सर?"

"सवय. त्याला भेटल्याशिवाय मला घास उतरत नाही."

"आणि नीट दिसल्या रेघा?"

"लख्ख. वर ऊन होतं. एकेक मोजली." ते हसले. "डोळे मिटूनही मोजता येतात मला, पण काल उघडे होते."

मी चहाकडे पाहत राहिले. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांना पत्र लिहिले होते: रेघांच्या तळाशी मला पोलादी टाकीच्या टोकाचे ठिपके असल्यासारखे वाटतात, भिंगाखाली पाहायचे आहे, साचा घ्यायचा आहे, अजून कुणाशी बोललेले नाही, तुम्ही माझे गुरू म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे. उत्तर एका ओळीचे होते. 'मंगळवारी ये.'

आज मंगळवार होता.

"तुझी ती तपासणी," सर म्हणाले, "राहिलीच म्हणायची आता."

त्या वाक्यात दुःख शोधायला मी फार कष्ट घेतले. सापडली ती सुटका.

दगडाच्या आवाराच्या फाटकाशी पहारेकरी मामा ओशाळून उभे होते. त्यांची चौकी उत्तरेला. दगडाची पाठ तेवढी त्यांना दिसते. "रात्रभर कुणी फिरकलं नाही, ताई, माझ्या लेकीची शपथ. फक्त रविवारी मी नसतो, साप्ताहिक सुट्टी. तेव्हा कुलूप असतं."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक सरांकडे. खाणवाल्यांना किल्ली लागत नाही, त्यांच्या बाजूने कुंपण मोडलंय."

"रविवारी पाऊस होता का हो, मामा?"

"पाऊस कसला, दुपारी दहा मिनिटं शिंतोडे. दोरीवरचे कपडे भिजले म्हणून बायको मलाच बोलली. त्यानंतर टिपूस नाही."

३

खाणवाल्यांच्या कचेरीत प्रत्येक वस्तूवर धूळ होती. एकट्या पणजोबांच्या तसबिरीची काच पुसलेली होती. एकशे दहा वर्षांपूर्वी या पणजोबांना पुलासाठी तो उभा दगड फोडायचा होता. मजुरांनी नकार दिला. ज्या दगडावर हात ठेवून शब्द दिला तो फोडणार कोण? दुसऱ्या दिवशी माणसे खाणीत उतरलेली असताना वरून सुरुंग उडाला. कागदावर 'अपघात' अशी नोंद झाली. पाथरवटांच्या घरांत वेगळीच गोष्ट सांगत: त्या रेघा म्हणजे ती मेलेली माणसे.

"मी कशाला पुसू?" खाणवाले मोकळेपणाने हसले. "अहो, रेघा राहण्यातच माझं भलं. सरांनी पुस्तकात सिद्ध केलं ना, ग्रहणं मोजलीत म्हणून? आमच्या घराण्यावरचा डाग त्या पुस्तकानेच धुतला. प्रकाशनाला पहिली खुर्ची माझी होती."

"आणि ती अठरा माणसं?"

"मेली असतील. खाणीत माणसं मरतात, ताई. कापडाच्या दुकानात नाही मरत."

त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बोटांवर शाई नसती तर मारलीही असती; उगाच कुणाच्या गालावर आपला ठसा कशाला सोडा.

"आज मी रेघा तपासणार होते, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"कसली तपासणी?" ते भाबडेपणाने म्हणाले. "सगळं पुस्तकात आहे की."

हा माणूस निर्दय होता, पण त्याचा त्या पुस्तकावर पूर्ण विश्वास होता. ज्याचा विश्वास शाबूत आहे त्याला काही पुसावे लागत नाही. मी उठले तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते.

४

पाथरवटाला अवजारांच्या खोलीत बसवले होते. दाराशी त्याची लेक उभी होती, हातात डबा.

"आलात?" ती म्हणाली. "घ्या आता बाबांच्या बोटांचे ठसे. तुमचा तोच धंदा ना?"

"मी त्यांच्या बाजूने आलेय."

"आमच्या बाजूला फार ऊन असतं, ताई. टिकाल?"

"गप गं," आतून आवाज आला आणि पाठोपाठ खोकला. पन्नास वर्षांची दगडाची धूळ त्या छातीत साचली होती. या छातीला तीन वर्षांची कोठडी म्हणजे काय, हे सांगायला डॉक्टर नको होता.

म्हातारा पोत्यावर बसला होता, मनगटांना दोरी. "परवा रविवारी दिवसभर फौजदारसाहेबांच्या दारात पायरी बसवली," तो शांतपणे म्हणाला. "बाईंनी दोनदा चहा दिला. आज त्याच हातांना हे."

"दादा, काल तुम्ही रेघा पाहिल्या?"

"मी त्या अंगाला जात नाही. वर्षातून एकदाच जातो, ज्या दिवशी सुरुंग उडाला त्या दिवशी. काल खांब बसवले ते सगळे पाठीमागचे." मग तो खवळला, आणि त्याचा राग पाहून मला माझा राग एकटा नसल्याचे बरे वाटले. "पण सकाळी नेऊन दाखवलं मला ते. पाथरवटाचं काम आहे का ते? टाकी तिरकी धरली तर दगड सोलून निघतो, सरळ धरली तर नुसता चेचतो. ज्याने मारलंय त्याने हातात आयुष्यभर लेखणीच धरलेली असणार. टाकीचे घाव सोसून देवपण येतं म्हणतात. असल्या घावांनी दगडाला नुसती इजा होते."

"त्या रेघा कुणी कोरल्या?"

"माझ्या पणजोबांनी. वाचले ते एकटेच. माणसामागे एक रेघ."

"हे सरांना कधी सांगितलं नाहीत?"

"चाळीस वर्षांत ते माझ्या दारावरून हजार वेळा गेले. एकदा तरी विचारायचं." तो खोकला, थांबला. "आणि अठरा नाहीत, ताई. एकोणीस."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"हजेरीपटावर अठरा. पणजी पाणी घेऊन खाली गेली होती. पाणी देणाऱ्या बाईचं नाव पटावर कुठलं? पणजोबांनी तिची रेघ निराळी कोरली. आडवी. खाली, गुडघ्यापाशी, जिथे ती घडा टेकवायची."

"मी तो दगड वीस वेळा पाहिलाय. तिथे काही नाही."

लेक प्रथमच हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हते. "तुम्ही शहाणी माणसं सगळी सकाळी येता," ती म्हणाली. "ती दुपारची आहे."

५

साडेअकराला मी दगडासमोर मांडी घालून बसले. ऊन आता डोक्यावर चढत होते आणि दक्षिणेच्या अंगावरून जवळजवळ सरळ खाली उतरत होते. गुडघ्याच्या उंचीला आधी काहीच नव्हते. मग केसासारखी एक सावली आली. मग ती जाडावली. वीतभर लांब, काळीभोर, आडवी. वर एवढी चेचाचेच झाली, तरी हिला कुणी शिवले नव्हते, कारण ती कुणाच्या पुस्तकात नव्हती. भिंगातून पाहिले: तळाशी ठिपक्यांची ओळ, पोलादी टोकाची.

बाराला मी सगळ्यांना बोलावले. फौजदार घड्याळ पाहत आले, खाणवाले छत्री घेऊन, सर शाल पांघरून. पाथरवटाची दोरी सोडायला लावली.

"दादा, याच खाणीतली ही फरशी. हिच्यावर दोन रेघा मारा. नखभर खोल. एक उभी, एक आडवी."

म्हाताऱ्याने टाकी तिरकी धरली. आवाज गोड होता, ठरलेल्या लयीचा. पंधरा मिनिटांत काम झाले. मी फरशीवरची धूळ ओल्या ब्रशने झटकली आणि ती दगडाशेजारी, तोंड दक्षिणेला करून, उभी केली. ती कोरडी होईपर्यंत आम्ही थांबलो.

"फौजदारसाहेब, चार पावलं मागे या. काय दिसतंय?"

"आडवी रेघ." ते डोळे बारीक करत पुढे झुकले. "उभी कुठे गेली?"

"आहे तिथेच आहे. ऊन वरून येतंय. आडव्या खाचेची वरची कड सावली पाडते. उभ्या खाचेत ऊन वरपासून खालपर्यंत सरळ उतरतं, सावली पडायला जागाच नाही. सकाळी उलट. या दगडावरच्या उभ्या रेघा भर दुपारी दिसत नाहीत. कुणालाच."

मी सरांकडे वळले. "काल बाराला तुम्हाला अठरा रेघा लख्ख दिसल्या."

त्यांचा चेहरा हलला नाही. "तेव्हा मी खडू..." ते थांबले. आपण काय बोलून बसणार होतो ते त्यांच्या ध्यानात आले असावे. पाच वर्षे खडू नव्हता. भर दुपारी त्यांनी जन्मभर पाहिला होता तो फक्त आपल्याच हाताने भरलेला पांढरा रंग.

"मी हाताने चाचपून मोजल्या," ते म्हणाले. "म्हातारे डोळे. बोलण्यात चूक झाली."

"ठीक. मग चाचपायला काल त्या होत्या का, तेवढं पाहू."

मी परात उचलली. भुगा जसाच्या तसा होता.

"हात लावू नका, साहेब, नुसते वाका. वर खपली धरलीय. खपलीवर खळगे आहेत. हे थेंबांचे खळगे. भुगा आधी पडला, त्यावर पाऊस पडला, मग तो वाळला. पाऊस शेवटचा कधी झाला?"

"रविवारी दुपारी," मामा मागून म्हणाले. "कपडे भिजले."

"म्हणजे रेघा रविवारी दुपारच्या आधी गेल्या. काल, सोमवारी, इथे मोजायला काहीही नव्हतं. डोळ्यांनी नाही, हातांनी नाही. आणि रविवारी दिवसभर हे दादा कुठे होते, ते मला विचारू नका. तुम्हीच सांगा."

"माझ्या दारात," फौजदार म्हणाले. "पायरी बसवत होता."

"माझा पाण्याचा डबा तिथे ठेवलाय. हात धुऊन घ्या, दादा," मी म्हणाले. पण म्हातारा जागचा हलला नाही. तो सरांकडे पाहत होता.

६

"टाकीचा आवाज चौकीत ऐकू जातो, पण रविवारी मामा नसतात," मी म्हणाले. "किल्ल्या दोन. मोडक्या कुंपणातून खाणवालेही येऊ शकतात. पण आज तपासणी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेली माणसं जगात दोनच. एक मी. सर, शालीतला हात दाखवा."

मग शाल सरकली. उजव्या तळव्यावर चार फोड, दोन फुटलेले. टाकी-हातोडा कधी न धरलेल्याचा हात.

"तुला कळायचं नाही," सर म्हणाले. आवाज अजून वर्गातला होता. "त्या मजुरांच्या रेघा निघाल्या असत्या तर हा दगड कोण विचारत होतं? गावोगावी माणसं मरतात. ग्रहण मोजणारी आदिमानवाची बुद्धी, ती एकाच ठिकाणी होती. मी या दगडाला मोठं केलं."

"दगड तीन हजार वर्षं उभा होता, सर. त्याला तुम्ही मोठं केलं नाहीत. रेघा शंभर वर्षांच्याच ठरल्या असत्या तरी त्याचं वय एका दिवसानेही घटलं नसतं. घटला असतात ते तुम्ही." मी ओरडले नाही, राग इतका दाट होता की तो आवाजात मावत नव्हता. "चूक झाली असती तर माझ्यासारख्या तुमच्या शंभर विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली असती. चाळीस वर्षं चूक असायला काय लागतं? पण तुम्ही अठरा माणसं दुसऱ्यांदा मारलीत. आणि त्याची सजा यांच्या गळ्यात घालून चहा प्यायलात."

सरांची नजर दगडावर खाली गेली आणि गुडघ्याच्या उंचीला थांबली.

"ही कुठली रेघ?" त्यांनी विचारले. अगदी हळू, जिज्ञासूसारखे. त्या क्षणी मला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला, कारण तो प्रश्न खरा होता आणि चाळीस वर्षे उशिरा आला होता.

"ती बाबांची पणजी," पाथरवटाची लेक म्हणाली. "ती तुमची ग्रहणं मोजत नव्हती. पाणी देत होती."

फौजदारांनी खाली पडलेली दोरी उचलली, सरांच्या हाताकडे पाहिले आणि ती खिशात घातली. "चला," ते म्हणाले. चारच्या गाडीत जागा एकाचीच होती, आणि ती रिकामी गेली नाही.

खाणवाले छत्री मिटून केव्हाच निघून गेले होते. लेक म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, पुन्हा कोरा. तुमचा हात आहे तोवर कोरा त्या अठरा."

तो दगडाजवळ गेला. चेचलेल्या पट्ट्यावरून त्याने तळवा फिरवला, आजारी जनावरावरून फिरवावा तसा. "नको," तो म्हणाला. "पुन्हा कोरलं की लोक म्हणतील काही झालंच नव्हतं. हेही राहू दे. मारणाऱ्याची खूणही दगडावर असावी."

मी कागद भिजवला. चेचलेला पट्टा आणि त्याखालची आडवी रेघ, दोन्ही एकाच कागदात घेतली. लेक न सांगता ब्रश धरायला आली. ठोकायचे कसे ते तिला शिकवावे लागले नाही. शाई टेकवली तेव्हा वर ढगासारखा गढूळ गोंधळ उमटला आणि खाली, स्पष्ट, एक पांढरी रेघ.

ठशाच्या खाली कचेरीची पट्टी चिकटवायची असते. स्थळ, उंची, दिनांक, कोरणारा. अठरा वर्षांच्या नोकरीत शेवटच्या रकान्यात मी एकच शब्द लिहीत आले आहे: अज्ञात. राजांचे कोरीवकाम करणारे अज्ञात, हद्दी आखणारे अज्ञात. आज त्या रकान्यात दोन ओळी झाल्या. आडव्या रेघेपुढे म्हाताऱ्याला विचारून त्याच्या पणजोबांचे नाव लिहिले, आणि ते कुणासाठी, तेही. पणजीचे नाव सांगताना त्याने उच्चार दोनदा करून घेतला. मग पेन शाईत बुडवले आणि वरच्या गढूळ पट्ट्यापुढे, दिनांक रविवार, माझ्या सरांचे संपूर्ण नाव लिहिले, त्यांनीच वळण लावलेल्या अक्षरात.